घराखालच्या जमिनीची हकीकत

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती आणि भरतकामाच्या नमुन्यांबरोबर एखादा इतिहासाचा लेख असावा असे कार्यकारिणीत ठरले, आणि तो मी लिहावा असे चिटणीसबाईंनी सांगितले. मी सातवी झालेली बाई. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या एवढेच शाळेत शिकले, आणि त्याही परीक्षा झाल्यावर विसरले. तेव्हा मी म्हटले, हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. त्यावर त्या म्हणाल्या, "घर घेताना तुम्ही जे जे शोधून काढलेत ते हळदीकुंकवाला आम्हाला तासभर सांगत बसला होता. तेच लिहून काढा." आता आपल्याच बोलण्यात आपण सापडलो म्हटल्यावर नाही कसे म्हणणार?

माझे माहेर हिंगणघाट. लग्न २००१ साली झाले आणि २००३ साली आमच्या ह्यांची एस.टी.त गडचिरोलीला नेमणूक झाली. त्या वेळी माहेरी जणू कुणी आजारी पडले असे वातावरण झाले. "इतक्या लांब? जंगलात?" असे जो तो विचारी. आईने शिदोरीबरोबर मच्छरदाणी आणि हिवतापाच्या गोळ्या बांधून दिल्या. वरोरा, चंद्रपूर, मूल, व्याहाड करीत एस.टी. वैनगंगेच्या पुलावर आली आणि पलीकडे झाडीच झाडी दिसू लागली, तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता हे कबूल करते. रेल्वे म्हणावी तर साऱ्या जिल्ह्यात वडसा-देसाईगंजचे एक स्टेशन. पण माणूस जिथे चूल मांडतो तिथलाच होतो. दोन मुली इथेच झाल्या, त्यांची शाळा इथलीच, आणि आठ वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत काढल्यावर आम्ही ठरवले की आता परत जायचे नाही, घर इथेच करायचे.

तिथून ही हकीकत सुरू होते. परंतु आधी जरा मागे जाते, कारण परक्या मुलखात पहिले घर करणारी मी काही पहिली बाई नव्हे.

चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, कसे वसले याची दंतकथा आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकली असेल. खांडक्या बल्लाळशहा नावाचा गोंड राजा पंधराव्या शतकात होऊन गेला असे मानतात. त्याच्या अंगभर गळवे होती, कशाने बरी होईनात. त्याच्या राणीने सल्ला दिला म्हणून त्याने शिरपूर सोडले आणि वर्धा नदीकाठी बल्लारपूर वसवले. पुढे शिकारीला गेला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात त्याला पाणी सापडले. त्या पाण्याने हातपाय धुतले तो गळवे बरी झाली. तेच अचलेश्वराचे स्थान. मग एक दिवस ससा उलटून राजाच्या कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. राजाने घरी येऊन राणीला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेने कोट बांधा आणि आत शहर वसवा. हे खरे किती, खोटे किती, ते विद्वानांनी ठरवावे. मला त्यात एवढेच लक्षात राहिले की घर हलवण्याचा आणि घर बांधण्याचा विचार दोन्ही वेळा राणीचा, पण गोष्टीत नाव येते ते राजाचे. राणीचे नाव मी ऐकलेल्या कुठल्याच सांगण्यात नाही.

तो कोट एका राजाच्या आयुष्यात पुरा झाला नाही. चार वेशी आणि पाच खिडक्या असलेली ती भिंत पुढे धुंड्या रामशहाच्या काळात पुरी झाली असे सांगतात. म्हणजे घराचे काम रेंगाळते हे आपल्याकडेच होते असे नाही! जटपुरा दरवाजातून आपण एस.टी.ने किंवा रिक्षाने जातो तेव्हा वर मान करून पाहण्याचे आपल्याला सुचत नाही. मागे मंडळाची सहल गेली होती तेव्हा बीरशहाची समाधी पाहिली. ती त्याच्या राणीने, हिराईने बांधलेली. तिचे नाव मात्र राहिले आहे, आणि तिथे उभे राहिल्यावर बरे वाटते.

आता माझ्या कामाचा राजा म्हणजे खांडक्याचा मुलगा हीरशहा. माझी थोरली मुलगी कॉलेजच्या वाचनालयातून जिल्ह्याच्या इतिहासाची पुस्तके आणी आणि संध्याकाळी मला वाचून दाखवी, त्यात हा सापडला. त्याने म्हणे असे जाहीर केले की जो कोणी रान तोडून जमीन लागवडीला आणील त्याला त्या जमिनीची सनद मिळेल, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने जेवढी भिजेल तेवढी जमीन मिळेल. हे वाचले आणि मी मुलीला म्हटले, थांब, पुन्हा वाच. कारण आपल्या भागातले सारे घर-जमिनीचे शास्त्र या एका हुकमात आले आहे. जमीन पैशाने घ्यायची नव्हती, मेहनतीने मिळवायची होती. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीकडे जे जुने तलाव दिसतात, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, त्यांच्या मागे अशीच मेहनत आहे. कोहळी समाजाचे लोक तर तलाव बांधण्यातच नावाजलेले. (मामा म्हणजे माजी मालगुजारी, हे मला फार उशिरा कळले. मी कित्येक वर्षे कुणाच्या तरी मामाचे तलाव समजत होते.)

१७५१ साली गोंडांचे राज्य संपून नागपूरकर भोसल्यांचे आले, १८१८ साली इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला, आणि १८५३ साली भोसल्यांचे राज्यच खालसा झाले. लढायांचे वर्णन मी करीत नाही. पण इंग्रजांनी एक गोष्ट केली ती घराच्या दृष्टीने महत्त्वाची. त्यांनी जमिनीची मोजणी करून सारा ठरवला आणि गावोगावच्या पाटलांना व मक्तेदारांना गावाचे मालक करून टाकले. तेच मालगुजार. कालपर्यंत जो सारा गोळा करून देई, तो आज गावातल्या पडीत जागेचा, तलावाचा आणि झुडपांच्या रानाचाही मालक झाला. पूर्वेकडे, म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या अंगाला, मोठमोठ्या जमीनदाऱ्या होत्या, त्यांत अहेरीची सर्वांत मोठी. त्यानंतर सरकारने जंगलाचे कायदे केले, उत्तम सागाची राने राखीव केली, आणि ज्या माडिया-गोंडांच्या पिढ्या त्या रानात गेल्या, त्यांना आपल्याच रानातून लाकूड तोडायला परवानगी मागावी लागली.

इथे एक कडवट गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८५८ साली मोलमपल्लीचे बाबूराव सेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. त्यांना पकडून दिले अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्या माणसांनी, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबूरावांना फाशी झाली. लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून अडपल्ली आणि घोटच्या जप्त जमीनदारीतली गावे मिळाली. बाईच्या नावावर जमीन व्हावी असे मी नेहमी म्हणते, आणि पुढेही म्हणणार आहे. पण ती कशी झाली हेही पाहावे लागते.

आता पुन्हा आमच्या घराकडे येते.

२०११ साली एक गृहस्थ आमच्या ह्यांना स्टँडवर भेटले. गावाबाहेर, रस्त्याला लागून, दोन खोल्यांचे घर, वर टिना, मागे सांदवाडीला ऐसपैस जागा, विहिरीला बारमाही पाणी. किंमत इतरांच्या निम्मी! आम्ही रविवारी जाऊन पाहिले. मला तर ती विहीरच पुरे होती. आठ वर्षे सार्वजनिक नळावर भांडून पाणी भरलेल्या बाईला घरची विहीर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्या गृहस्थांनी सांगितले, "रजिस्ट्रीच्या भानगडीत पडू नका, शंभराच्या बाँडपेपरवर लिहून देतो, इकडे सगळे असेच चालते." भिशीचे आणि बचत गटाचे मिळून वीस हजार रुपये आम्ही इसार म्हणून दिले. पावतीसुद्धा एका वहीच्या कागदावर घेतली.

आनंदाने मी आमच्या घरमालकीण मावशींना सांगायला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "जागा सस्ती आहे म्हन्तेस, तं काऊन सस्ती आहे हे इचारलं का? सातबारा पाहिला का? पहिले सातबारा पाहाजो, मंग घर पाहाजो."

सातबारा म्हणजे शेतकऱ्यांचा कागद, घराचा आणि त्याचा संबंध काय, असे मला वाटले. पण मावशींचे बोलणे मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी ह्यांनी सुट्टी काढली आणि आम्ही तलाठ्याकडे गेलो. सातबारावर त्या गृहस्थांचे नाव कुठेच नव्हते. एका बाईचे नाव होते, आणि शेजारी इतर हक्कांत लिहिले होते की खातेदार आदिवासी आहे, हस्तांतरणास बंदी. जमीन शेतीचीच होती, घर बांधण्याची परवानगीही नव्हती.

तलाठी भला माणूस होता. त्याने बसवून घेऊन समजावले. १९७४ साली कायद्यात सुधारणा होऊन कलम ३६-अ आले. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी, आणि तीही शासनाच्या मान्यतेने. त्यातही गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत दुसरा कुणी आदिवासी ती जमीन घ्यायला तयार आहे काय, हे पाहिले जाते. त्याच वेळच्या दुसऱ्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद झाली. म्हणजे इतकी जमीन हातची गेली होती की मागे सतरा वर्षे जाऊन तपास करावा लागला. मिठाच्या पोत्यावर, धान्याच्या पायलीवर, लग्नाच्या कर्जावर अंगठा घेतलेला असे, असे मावशी सांगत.

एवढ्यावर आम्ही सुटलो असतो. पण मला राहवेना. ज्या बाईचे नाव सातबारावर होते ती कोण, हे मला पाहायचे होते. तलाठ्याने वस्ती सांगितली, मावशी बरोबर आल्या. त्या आजी घराच्या छपरीत मोहफुले वाळत घालीत होत्या. मराठी थोडीच येत होती, त्यांचा नातू आणि मावशी मिळून सांगत गेले. आजींनी ती जमीन त्या गृहस्थांना तीन वर्षांच्या मक्त्याने दिली होती, धान लावण्यासाठी. तिथे घर बांधले गेले हेही त्यांना ठाऊक नव्हते. कागदावर अंगठा एकदा लावला होता, तो कशाचा हे विचारले नव्हते. मी त्यांना म्हटले, आजी, तुमची जागा मी घ्यायला निघाले होते, माझी चूक झाली. नातवाने ते गोंडीत सांगितले. आजी काहीतरी बोलल्या आणि हसल्या. नातू म्हणाला, "आजी म्हणते, तुलेही घर पाहिजे, मलेही पाहिजे."

येताना मावशी काहीच बोलल्या नाहीत. मीही नाही. मला आत कुठेतरी फार लाज वाटत होती. फसवणूक आमची झाली असे आम्ही घरी म्हणत होतो, पण खरे फसवले जात होते ते कोणाला, हे त्या छपरीत बसल्यावर कळले. आमचे वीस हजार गेले असते, त्यांची जमीन गेली असती. इसारापैकी दहा हजार वर्षभर खेटे घालून परत मिळाले, दहा बुडाले. नातवाने तहसीलदारांकडे अर्ज केला. तो अर्ज मी आणि माझ्या थोरलीने मिळून लिहिला, याचा मला आजही अभिमान वाटतो. दीड वर्षाने जमिनीचा ताबा त्यांना मिळाला.

हे झाल्यावर मात्र माझ्या डोक्यात सातबाराचे वेड शिरले. कुठेही घर दिसले की हे घर सुंदर आहे असे म्हणण्याआधी याच्याखाली काय लिहिले असेल, असा विचार येई. आमचे हे थट्टेने म्हणत, "तलाठ्याची परीक्षा दे!" पण त्या वेडानेच मला आपल्या दोन्ही जिल्ह्यांची खरी ओळख झाली.

उदाहरणार्थ मुलचेरा आणि चामोर्शीकडची बंगाली गावे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून निघालेली ही माणसे, छावण्यांत वर्षे काढून १९६० नंतरच्या दशकात सरकारने त्यांना इकडे आणून वसवले. माझ्या ओळखीची एक बंगाली बाई बाजारात मासे विकते. तिच्या सासूने इथे येऊन पहिले झोपडे बांधले तेव्हा ना भाषा येत होती ना रानाची माहिती. मी हिंगणघाटहून आले तर केवढे रडले! तिच्यापुढे माझे लांब म्हणजे काय? त्यांना जमीन मिळाली ती भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे कसायची, राहायचे, पण शासनाच्या परवानगीवाचून विकायची नाही. घर आपले आणि तरीही पूर्णपणे आपले नाही, या गोष्टीवर त्या लोकांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, मोर्चे काढले.

तसेच धानोरा तालुक्यातले मेंढा हे गाव. लेखा-मेंढा म्हणून साऱ्या देशाला माहीत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढा आणि शेजारचे मर्दा यांना सामूहिक वनहक्क मिळाले, देशात अगदी प्रथम. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १८०० हेक्टर जंगल आले. पुढे २०१३ साली गावकऱ्यांनी आपापली शेतजमीनही १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली गावाच्या स्वाधीन करण्याचे ठरवले. तिथे बाहेरच्याने जाऊन प्लॉट घेतो म्हटले तर घ्यायला प्लॉटच नाही. आम्ही घर शोधत होतो त्याच सुमाराची ही गोष्ट. आम्ही बाराशे चौरस फुटांसाठी वणवण करीत होतो आणि तिकडे माणसे आपली मालकी आपण होऊन सोडत होती. मला हे पूर्ण पटते असे नाही, माझ्या नावाचा कागद मला हवाच. पण विचार करायला लावणारी गोष्ट खरी.

त्याच वनहक्क कायद्यात एक चांगली सोय आहे ती सांगते. रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला जो पट्टा मिळतो, तो नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यावा लागतो, आणि तो वारसांना मिळतो पण विकता येत नाही. दुर्गम टोल्यावरच्या बाईला कायद्याने जे मिळाले, ते शहरातल्या शिकलेल्या घरांतल्या किती सुनांना मिळाले आहे? आपल्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना मी विचारले होते, घर कुणाकुणाच्या नावावर आहे? चाळीस जणींत सात हात वर झाले, आणि त्यातल्या दोघी विधवा.

आमचे घर शेवटी २०१३ साली झाले. एका निवृत्त शिक्षकांचे कवेलूचे लहानसे घर, अकृषक परवानगी असलेल्या ले-आउटमधले. विहीर नाही, नळाला एक दिवसाआड पाणी, आणि किंमत त्या पहिल्या घराच्या दुपटीहून जास्त. ह्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढले, मी आईने दिलेल्या पाटल्या मोडल्या. पाटल्या मोडताना एक अट घातली, खरेदीखतात माझेही नाव पाहिजे. माझे थोरले दीर हिंगणघाटहून आले होते. ते म्हणाले, वहिनी, घरात भिंत घालायची आहे का? मी काही बोलले नाही. आमचे हे म्हणाले, "दादा, पाटल्या तिच्या आहेत." पुढे कुणी तो विषय काढला नाही. त्या वेळी बायकांना मुद्रांक शुल्कात सवलत नव्हती. २०२१ पासून घर स्त्रीच्याच नावे घेतले तर एक टक्का सूट मिळते. ज्या मैत्रिणी आता घर पाहत आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि खरेदीखत झाले म्हणजे झाले असे समजू नये. फेरफार होऊन सातबारावर आपले नाव चढले की नाही, ते स्वतः जाऊन पाहावे. आमचा फेरफार चार महिने पडून होता.

माझी धाकटी जाऊ चंद्रपूरला असते. तिने कोणाला न विचारता इरई नदीच्या बाजूला स्वस्तात घर घेतले. २०२२ च्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले आणि तिच्या स्वयंपाकघरात कमरेइतके पाणी आले. तीन दिवस ती शाळेत राहिली. नकाशावर पूररेषा म्हणून काही असते हे तिला पाणी ओसरल्यावर कळले. सशाच्या वाटेने कोट बांधणाऱ्या त्या राणीला कदाचित पाण्याची वाटही ठाऊक असेल.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला तिच्याकडे येते. ती आपल्यापैकी काही जणींच्या घराची आहे.

१९५१ साली मालगुजारी रद्द झाली आणि मालगुजारांच्या ताब्यातली पडीत जमीन व झुडपांची राने सरकारकडे आली. गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे हक्क निस्तार पत्रकात लिहिले गेले, आणि त्या जमिनीपुढे नोंद झाली "झुडपी जंगल". नावात जंगल असले तरी पुष्कळ ठिकाणी तिथे जंगल कधीच नव्हते. चार बोरी, पळस, तरोटा आणि गावाची गुरे. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, नोंद तशीच राहिली. अशा जागांवर शाळा झाल्या, दवाखाने झाले, सरकारी कचेऱ्या झाल्या, आणि गरिबांची घरेही झाली. मग १९८० चा वन संवर्धन कायदा आला, आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कागदोपत्री जे जंगल आहे तेही जंगलच धरायचे. झाले! नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली हजारो घरे एका शब्दाने अडकली. कर्ज नाही, विक्री नाही, पट्टा नाही.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिला. झुडपी जंगल हे जंगलच, असे न्यायालयाने म्हटले. परंतु १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने राहण्यासाठी वा सार्वजनिक कामासाठी जी जागा दिली असेल, ती नियमित करण्यासाठी राज्य शासनाने केंद्राकडे मंजुरी मागावी, अशी मुभा दिली. त्या तारखेनंतर दिलेल्या जागांचा विचार मात्र कडक होणार आहे.

आपल्या मंडळातल्या तिघी जणींची घरे झुडपी जंगलाच्या जागेवर आहेत. नावे देत नाही, पण त्यांनी सांगितले म्हणून लिहिते. त्या बातमीनंतर त्यांतली एक मैत्रीण महिनाभर मंडळात आली नाही. तिच्या घराला तीस वर्षे झाली. मुलाच्या लग्नासाठी वर एक खोली काढायची होती, ती राहिली. तिला मी म्हटले, तुझी जागा कधीची आणि कुणी दिली एवढे शोधायचे, बाकी मग पाहू. तिच्या सासऱ्यांची ट्रंक आम्ही दोघींनी मिळून उघडली. लग्नपत्रिका, मृत्यूचे दाखले, वीजबिले, आणि अगदी तळाशी १९९४ सालचा जागा दिल्याचा कागद आणि शुल्क भरल्याची पावती, दोन्ही पिवळे पडलेले. तिने तो कागद कपाळाला लावला आणि मग ओसरीत बसून चांगली अर्धा तास रडली.

त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक तिच्याकडे, एक मंडळाच्या कपाटात, एक माझ्या डब्यात माझ्या सातबाराशेजारी. दुसऱ्या मैत्रिणीकडे १९९५ ची घरटॅक्सची पावती आहे, पण टॅक्सची पावती म्हणजे जागा दिल्याचा हुकूम नव्हे, म्हणून जुन्या नोंदी पाहण्यासाठी तिने अर्ज केला आहे. तिसरीची जागा १९९९ ची आहे. तिला काय सांगावे ते मला अजून सुचलेले नाही. येत्या बुधवारी आम्ही तिघींना घेऊन तहसील कचेरीत जाणार आहोत. आणखी कुणाचे घर अशा नोंदीवर असेल तर त्यांनी आपले कागद घेऊन अकरा वाजता मंडळाच्या सभागृहात यावे. ट्रंकेच्या तळापर्यंत पाहून यावे.